तांबड्या पेशींतील पालाश

गोंदिया जिल्ह्यांतील धानाच्या शेतकऱ्यास 'पालाश' हा शब्द परका नाहीं. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश हीं तीन नांवें त्यानें वर्षानुवर्षें पाहिलेलीं असतात, आणि कोणत्या बांधीला कोणतें खत किती घालावें याचा हिशेब तो बोटांवर करतो. ह्या पालाशांतलें मूलद्रव्य म्हणजे रसायनशास्त्रांतील पोटॅशियम. तें त्या शेतकऱ्याच्या शरीरांत आहे, त्याच्या गोठ्यांतील गाईच्या शरीरांत आहे आणि ओसरीवर पडलेल्या कुत्र्याच्या शरीरांतहि आहे. शरीरांत तें कोठें किती असावें याचाहि एक हिशेब अहोरात्र चाललेला असतो. रक्तांतील तांबड्या पेशींपुरता हा हिशेब कसा ठेवला जातो, तें आज मी सांगणार आहें. विषय प्रथमदर्शनीं कोरडा वाटेल. परंतु ह्या हिशेबाचा आंकडा चुकीचा वाचला गेल्यास दवाखान्यांत जनावर दगावूं शकतें. आणि पूर्व विदर्भांतील कित्येक घरांना पिढ्यान्‌पिढ्या छळणारा एक रोग समजून घेण्यास मेंढ्यांच्या रक्ताचा अभ्यास उपयोगीं पडला आहे, एवढें आरंभींच सांगून ठेवितों.

रक्ताचे स्थूलमानानें दोन भाग आहेत. एक पिवळसर द्रव, आणि दुसरा त्यांत तरंगणाऱ्या पेशी. त्या द्रवांत सोडियम, म्हणजे मिठांतलें मूलद्रव्य, विपुल असतें व पोटॅशियम अगदीं थोडें असतें. मनुष्याच्या तांबड्या पेशींत नेमकें उलट. द्रवांत दर लिटरास पोटॅशियमचे चार-पांच मिलिमोल, तर पेशींत दर लिटरास सुमारें शंभर. मिलिमोल हें कणांची संख्या मोजण्याचें माप आहे, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे. पेशीची कातडी इतकी पातळ, आणि तिच्या दोहों बाजूंस इतका विषम सांठा! जर्मन भाषेंत लिहिणाऱ्या कार्ल श्मिट ह्या रसायनज्ञानें १८५० मध्यें हा भेद दाखवून दिला. तेव्हां पुष्कळांनीं असें मानलें कीं, पेशीची कातडी ह्या क्षारांना मुळीं वाट देतच नाहीं. जें आंत आहे तें आंत आणि जें बाहेर आहे तें बाहेर. हा समज पुढें खोटा ठरला. कातडी गळकी आहे. पोटॅशियम सतत बाहेर झिरपतें आणि सोडियम सतत आंत शिरतें. आणि पेशी तें झिरपलेलें पोटॅशियम पुन्हां आंत ओढून घेते व सोडियम बाहेर लोटते.

धानाच्या बांधींतलें पाणी पाहिलें म्हणजे हें चटकन् समजतें. बांधाला खेकड्यांनीं बिळें पाडलेलीं असतात, त्यांतून पाणी झिरपत असतें. शेजारच्या बोडींतून पाणी उपसून शेतकरी बांधींत टाकीत असतो. बांधींतलें पाणी कोठवर चढेल हें केवळ बिळांवर अवलंबून नाहीं, किंवा केवळ उपशावरहि नाहीं. दोहोंचा मेळ जेथें बसेल तेथें पाणी स्थिरावतें. उपसा जोराचा व बिळें थोडीं, तर बांधी भरलेली. उपसा मंद आणि बिळें मोठीं, तर पाणी तळाशीं. पेशींतील पोटॅशियमची पातळी अशाच मेळानें ठरते. 'पेशींत पोटॅशियम किती?' ह्या प्रश्नाला म्हणूनच दोन उत्तरें शोधावीं लागतात: पंप किती जोराचा, आणि गळती किती मोठी.

हा पंप म्हणजे पेशीच्या कातडींत बसविलेला एक प्रथिनाचा रेणु. अन्नापासून मिळालेल्या शक्तीचा एक घांस घेऊन तो एका फेरींत सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो व पोटॅशियमचे दोन आंत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनीं १९५७ मध्यें खेकड्याच्या मज्जातंतूंत तो प्रथम ओळखला, व त्यासाठीं १९९७ मध्यें त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. बांधीला बिळें पाडणाऱ्या जातभाईनेंच उपशाचें यंत्र दाखवून द्यावें, हा योग मौजेचा खरा. त्यापूर्वीं १९५३ मध्यें शाट्समान ह्या स्विस संशोधकास असें आढळलें होतें कीं, हृदयावर परिणाम करणारीं कांहीं वनस्पतिज विषें तांबड्या पेशींतील ही ने-आण बंद पाडतात. त्याच कुळांतलीं विषें आपल्याकडील कण्हेरींत आणि रुईच्या चिकांत आहेत. गुरें सहसा कण्हेरीला तोंड लावीत नाहींत. पण कुंपणाची छाटलेली कण्हेर वाळून वैरणींत मिसळली, तर तिचें विष वाळल्यानें जात नाहीं. अशा वेळीं जनावराच्या हृदयांतील पंप थंडावतात आणि रक्तांतलें पोटॅशियम चढूं लागतें. कण्हेरीनें गुरूं दगावतें तें ह्याच वाटेनें.

पंपाचें काम केवळ पोटॅशियम गोळा करण्याचें नाहीं. तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन ठासून भरलेलें असतें, व तें कातडीबाहेर जाऊं शकत नाहीं. त्याच्या ओढीनें क्षार आणि पाणी सारखें आंत येऊं पाहतें. सोडियम वेळच्या वेळीं बाहेर लोटलें नाहीं, तर पेशी फुगून फुटावयाची. पंप हा पेशीचा जीव राखणारा आहे, असें म्हटलें तर चालेल.

इथवर सारें सरळ आहे. गंमत पुढेंच आहे. आब्डरहाल्डेन ह्या शास्त्रज्ञानें १८९८ मध्यें निरनिराळ्या पाळीव जनावरांच्या रक्ताचें पृथक्करण करून पाहिलें, तेव्हां घोडा व डुक्कर ह्यांच्या पेशी मनुष्याच्या पेशींसारख्याच पोटॅशियमनें भरलेल्या आढळल्या. परंतु कुत्रा आणि मांजर ह्यांच्या पेशींत पोटॅशियम अगदीं थोडें, आणि बहुतेक सारें सोडियम! घरांतल्या मांजराच्या पेशी आणि मालकाच्या पेशी ह्यांचा हिशेब एकमेकांच्या अगदीं उलट. कारण पुढें कळलें. कुत्र्याची तांबडी पेशी हाडांच्या मगजांत तयार होते तेव्हां तिच्यांत पंप असतो. पण ती पक्व होतां होतां तो टाकून देते. मग ती फुगून फुटत कां नाहीं? तर तिनें आडवाटेनें सोय केलेली आहे. कॅल्शियमचा एक कण आंत घेऊन त्याच्या मोबदल्यांत ती सोडियम बाहेर काढते, आणि आंत आलेलें कॅल्शियम बाहेर फेकण्यासाठीं तिच्याजवळ वेगळा पंप आहे. खर्च तोच, पण खातें निराळें.

ह्याला एक अपवाद आहे, आणि कुत्रीं पाळणाऱ्यांनीं तो ऐकून ठेवण्यासारखा आहे. जपानांतील अकिता आणि शिबा ह्या जातींच्या कांहीं कुत्र्यांत पंप पक्व पेशींतहि टिकून राहतो, व त्यांच्या पेशी पोटॅशियमनें भरलेल्या असतात. हा गुण आनुवंशिक आहे. कांदा सर्वच कुत्र्यांना अपायकारक. त्यानें तांबड्या पेशी फुटून पंडुरोग होतो. परंतु ह्या पोटॅशियमवाल्या कुत्र्यांना तो अधिकच बाधतो, असें जपानी पशुवैद्यांनीं दाखवून दिलें आहे. जेवणांतलें उरलेलें कांद्याचें कालवण कुत्र्यापुढें ओतण्याची आपल्याकडील संवय कोणत्याहि कुत्र्याच्या बाबतींत चांगली नव्हे.

सर्वांत मोठें नवल मेंढ्यांत निघालें. १९३७ मध्यें केर ह्या संशोधकाच्या ध्यानांत आलें कीं, एकाच कळपांतल्या मेंढ्यांत दोन तट आहेत. कांहींच्या पेशींत दर लिटरास ऐशीं-नव्वद मिलिमोल पोटॅशियम, तर कांहींच्या पेशींत अवघें दहा ते वीस. मधल्या आंकड्यांच्या मेंढ्या जवळजवळ नाहींतच. दोन्ही तटांतल्या मेंढ्या सारख्याच धष्टपुष्ट, सारख्याच चरणाऱ्या. इंग्लंडमधील बेब्रहॅम येथील संस्थेंत इव्हान्स व त्यांचे सहकारी यांनीं १९५४ पासून ह्याचा पाठपुरावा केला, आणि हा भेद एकाच आनुवंशिक घटकाच्या दोन रूपांमुळें पडतो, हें सिद्ध केलें. त्यांत 'अल्प पोटॅशियम' हें रूप प्रबळ आहे. आईबापांपैकीं एकाकडून तें आलें, तरी कोकरूं अल्प पोटॅशियमचें निपजतें. मात्र जन्मतांना नव्हे! जन्मतः प्रत्येक कोकराच्या पेशी पोटॅशियमनें भरलेल्याच असतात. ज्यांच्या कपाळीं अल्प पोटॅशियम लिहिलेलें असतें, त्यांची पातळी पुढील दोनएक महिन्यांत उतरत जाते.

पातळी उतरते ती पंप मंदावल्यामुळें कीं गळती वाढल्यामुळें? टॉस्टेसन आणि हॉफमन ह्या दोघा अमेरिकनांनीं १९६० मध्यें दोन्ही तऱ्हांच्या पेशींतील ये-जा मोजली. विपुल पोटॅशियमच्या पेशींतील पंप सुमारें चौपट जोराचा आढळला. आणि अल्प पोटॅशियमच्या पेशींत पोटॅशियमची गळतीहि अधिक आढळली. ह्या दोन आंकड्यांवरून त्यांनीं पेशीची पातळी आणि तिचें आकारमान गणितानें काढून दाखविलें, आणि तें प्रत्यक्षाशीं जुळलें. बांधीच्या दृष्टांतांत मी जें ढोबळपणें सांगितलें, तें त्यांनीं आंकड्यांत मांडलें. माझ्या मतें ह्या साऱ्या शोधमालिकेंतलें हें सर्वांत सुंदर काम होय.

पुढें १९६९ मध्यें एलरी आणि टकर यांना आणखी एक चमत्कार दिसला. अल्प पोटॅशियमच्या पेशी विपुल पोटॅशियमच्या मेंढीस टोंचल्या, तर तिच्या रक्तांत त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार होतें. तें प्रतिद्रव्य अल्प पोटॅशियमच्या पेशींत मिसळलें कीं त्यांचा मंदावलेला पंप कित्येक पटींनीं जोर धरतो! म्हणजे त्या पेशींत पंप नव्हताच असें नव्हे; कोणी तरी त्याचा हात धरून ठेवला होता.

आपल्या गोठ्यांकडे वळूं. गाईबैलांतहि असेच दोन तट आहेत. तपासलेल्या बहुतेक जातींत प्रौढ जनावरें बव्हंशीं अल्प पोटॅशियमचीं निघालीं. वासराच्या पेशी मात्र जन्मतः भरलेल्या असतात आणि पहिल्या कांहीं महिन्यांत रित्या होतात. शेळ्यांत चित्र उलट: बहुतेक शेळ्या विपुल पोटॅशियमच्या, थोड्या अल्प पोटॅशियमच्या. दुधावर, मांसावर किंवा कामाच्या ताकदीवर ह्या भेदाचा ठळक परिणाम दिसत नाहीं. तेव्हां शेतकऱ्यास त्याचें काय? त्याला प्रत्यक्षतः कांहीं नाहीं. पण त्याच्या जनावराच्या डॉक्टरास पुष्कळ आहे.

समजा, देवरीकडच्या एका खेड्यांतील खच्ची केलेल्या बोकडाची लघवी मुतखड्यानें तुंबली आहे. लघवी तुंबली म्हणजे पोटॅशियम रक्तांत सांचण्याची भीति. रक्तद्रवांतला आंकडा चार-पांचावरून आठाच्या वर गेला, तर हृदयाचे ठोके मंदावून तें थांबूं शकतें. डॉक्टर रक्ताचा नमुना घेतात. तो मे महिन्याच्या उन्हांत मोटारीनें गोंदियास येतो, आणि कदाचित् तेथून रेल्वेनें सुमारें १३० किलोमीटर दूर नागपुरास जातो. वाटेंत धक्क्यांनीं कांहीं पेशी फुटतात, आणि त्यांतलें पोटॅशियम द्रवांत उतरतें. प्रयोगशाळा जो आंकडा कळविते तो बोकडाच्या शरीरांतला नसून बाटलींतला असतो. मनुष्याच्या रक्तांत शंभरांतील पांच पेशी फुटल्या, तरी द्रवांतला पोटॅशियमचा आंकडा जवळजवळ दुप्पट होतो. घोड्याच्या आणि बहुतेक शेळ्यांच्या बाबतींत हाच धोका आहे. पेशी फुटल्या नाहींत तरी रक्त तसेंच बर्फांत ठेवल्यानें घोटाळा होतो. कारण थंडींत पंप थबकतो आणि गळती चालू राहते. म्हणून द्रव पेशींपासून लौकर वेगळा करून मग पाठवावा, असा दंडक आहे. द्रव गुलाबी दिसला तर आंकड्यावर विश्वास ठेवूं नये.

आतां ह्याच लक्षणाचें शहरांतील उदाहरण घ्या. बोक्याची लघवी तुंबणें हें मांजरें पाळणाऱ्यांना ठाऊक असलेलें संकट आहे. त्याच्या रक्ताचा नमुना थोडा गुलाबी आला आणि पोटॅशियम नऊ निघालें, तर 'पेशी फुटल्या असतील' असें म्हणून डॉक्टरनें स्वस्थ बसून चालणार नाहीं. कारण मांजराच्या पेशींत बाहेर पडण्याइतकें पोटॅशियम मुळांत नाहींच. तो आंकडा खरा धरून शिरेंतून कॅल्शियम देणें, लघवीची वाट मोकळी करणें, हें तत्काळ झालें पाहिजे. एकच आंकडा, एकच गुलाबी रंग; पण बोकडाच्या बाबतींत शंका घेणें शहाणपणाचें आणि बोक्याच्या बाबतींत शंकेंत वेळ घालविणें जिवावरचें. गाईच्या बाबतींत तर ती कोणत्या तटाची हें ठाऊक नसल्यास नमुना पुन्हां घेणें हाच सरळ मार्ग.

येथें जनावरांची गोष्ट संपली असती. पण मेंढीच्या पेशींनीं आणखी एक काम केलें आहे, आणि तें गोंदियाच्या माणसांच्या कामाचें आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या पट्ट्यांत सिकलसेलचा रोग फार आहे. शुक्ला आणि सोलंकी यांनीं मध्य भारतांतील ह्या दोषाविषयीं १९५८ मध्यें 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत लिहिलें. ह्या रोगांत हिमोग्लोबिनची घडण किंचित् बदललेली असते. प्राणवायु सोडल्यावर त्याचे रेणु एकमेकांस चिकटून ताठ कांड्या बनतात, पेशी विळ्यासारखी वांकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. रोग्याचे हातपाय, पाठ, छाती असह्य ठणकूं लागतात. आईबाप दोघेहि वाहक असले तर प्रत्येक मुलाला हा रोग होण्याचा संभव चारांत एक.

हिमोग्लोबिनच्या कांड्या बनण्यास थोडा अवधि लागतो. त्या अवधींत पेशी बारीक वाहिनींतून पार झाली तर संकट टळतें. हा अवधि पेशींतील हिमोग्लोबिन किती दाट आहे ह्यावर विलक्षण अवलंबून असतो. दाटपणा किंचित् वाढला तरी अवधि कित्येक पटींनीं कमी होतो. आणि दाटपणा वाढतो कशानें? पेशींतील पाणी गेल्यानें. पाणी जातें कशामागून? पोटॅशियममागून. मेंढ्यांवर पुढें काम करणाऱ्या त्याच टॉस्टेसन यांनीं सहकाऱ्यांसह १९५२ मध्यें दाखविलें होतें कीं, सिकलसेलच्या पेशी प्राणवायु गमावतांच पोटॅशियमहि गमावूं लागतात. तें कोणत्या दारांनीं जातें, हा प्रश्न उरला. एक दार हंगेरीच्या गार्डोश यांनीं १९५८ मध्यें वर्णिलें: पेशींत कॅल्शियम शिरलें कीं तें उघडतें. दुसरें दार मेंढीनें दाखविलें. १९८० आणि १९८१ मध्यें लाउफ व थेग, आणि डनहॅम व एलरी यांना अल्प पोटॅशियमच्या मेंढ्यांच्या पेशींत एक निराळी वाट सांपडली. तींतून पोटॅशियम आणि क्लोराइड जोडीनें बाहेर पडतात, आणि पेशी फुगली म्हणजे ती वाट अधिक उघडते. मेंढीच्या पेशीला ती फुगवटा कमी करण्याच्या कामीं येते. १९८६ पर्यंत ब्रुन्यारा, बन आणि टॉस्टेसन यांनीं दाखवून दिलें कीं, हीच वाट सिकलसेलच्या पेशींत नको तितकी उघडी राहते. ज्या दारानें मेंढीची पेशी आपला तोल सांभाळते, त्याच दारानें सिकलसेलच्या रोग्याची पेशी सुकते.

दार सांपडलें, आतां कुलूप लावावें, असें कोणाच्याहि मनांत येईल; आणि तसे प्रयत्न झाले. गार्डोशच्या दाराला बंद करणारें सेनिकापॉक नांवाचें औषध मोठ्या चांचणींत देऊन पाहिलें. २०११ मध्यें तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पेशी कमी सुकल्या, पंडुरोग कमी झाला, पण वेदनांचे झटके कमी झाले नाहींत. दुसऱ्या दारासाठीं मॅग्नेशियम देऊन पाहिलें. मुलांच्या झटक्यांत तें शिरेंतून दिल्यानें रुग्णालयांतील मुक्काम घटला नाहीं, असें २०१५ मध्यें जाहीर झालें. पोटॅशियमच्या दारांचें ज्ञान पक्कें असलें तरी वेदनेला इतरहि कारणें आहेत. पेशी वाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, भिंती सुजतात. आज उपयोगीं पडणारें मुख्य औषध हायड्रॉक्सियुरिया हें निराळ्या मार्गानें, गर्भावस्थेंतलें हिमोग्लोबिन पुन्हां वाढवून, काम करतें, आणि तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं नियमानें घ्यावें लागतें.

परंतु पेशी सुकूं न देण्याचा एक उपाय प्रत्येक घरांत आहे, व तो म्हणजे पाणी. सिकलसेलच्या रोग्यानें भरपूर पाणी प्यावें असें डॉक्टर सांगतात तें ह्याच कारणानें. रक्तद्रव दाट झाला कीं पेशींतलें पाणी बाहेर ओढलें जातें, आणि पोटॅशियमच्या गळतीनें आधींच तहानलेल्या पेशी अधिक आकसतात. आपल्या जिल्ह्यांत ह्या सल्ल्याची खरी कसोटी उन्हाळ्यांत लागते, तेंदूपत्त्याच्या हंगामांत. पहांटे अंधारांत रानांत शिरलेली मंडळी उन्हें चढल्यावर परततात, व पुन्हां पुडे बांधावयास बसतात. त्यांत सिकलसेल असलेलें पोर असेल, तर त्याच्याबरोबर पाण्याची स्वतंत्र बाटली द्यावी, तहान लागण्याची वाट न पाहतां त्यास मधूनमधून पाजावें. आणि ताप, जुलाब किंवा वांत्या होत असतील त्या दिवशीं त्याला रानांत नेऊंच नये, सरळ दवाखान्यांत न्यावें.